वाटेचा की वाट्याचा?

बसा, अजून वेळ आहे. नगराध्यक्ष यायचेत. दर वर्षी त्यांना उशीर होतो आणि दर वर्षी आपण मात्र वेळेवर येऊन उन्हात बसतो, त्याला काही इलाज नाही.

मघापासून तुमची कुजबूज ऐकतोय मी. हा नगराध्यक्ष, पोरगा चांगला आहे, म्हणताय. हाक मारली की थांबतो, कुणाच्या दहाव्याला चुकत नाही, गटारात स्वतः उतरून बघतो. सगळं खरं आहे. आणि मग आवाज खाली आणून, "पण मूळचा कुणाचा?" कुणी म्हणतं आजोळ कोकणात, कुणी म्हणतं आडनाव आधी वेगळं होतं. निवडून दिलंत तुम्हीच आणि चौकशी अजून संपत नाही. हा प्रश्न विचारून खेरूळच्या लोकांची जीभ झिजली नाही, माझे कान मात्र झिजले. तर ज्या दगडापाशी आपण बसलोय, त्याचीच गोष्ट सांगतो. म्हाताऱ्यांनी ती ऐकलेली आहे. त्यांनी पुन्हा ऐकावी, त्यांनाच जास्त गरज आहे.

फार वर्षांपूर्वी हे खेरूळ एवढंसं गाव होतं. किती वर्षांपूर्वी ते विचारू नका, मला सांगणाऱ्यालाही ते माहीत नव्हतं. गावाला वेस होती, वेशीपाशी हा दगड होता. डोक्यावर ओझं घेऊन येणाऱ्यानं ओझं इथं टेकवायचं, घाम पुसायचा आणि पुढं जायचं, एवढ्यासाठीच तो होता. वेशीच्या आत दोन आळ्या. वरची आणि खालची. वरच्या आळीचा पुढारी मानाजी, खालच्या आळीचा हैबती. दोघांचं एका गोष्टीवर एकमत होतं, की दुसऱ्याचं ऐकायचं नाही.

गावाचा जुना कारभारी वारला होता. नवा कोण, यावर भांडण लागलं, आणि भांडण चालू असतानाच तळ्याचा बांध फुटला. वरची आळी म्हणाली, फुटला तो खालच्या अंगाला, त्यांनी बांधावा. खालची आळी म्हणाली, पाणी आलं वरच्या अंगाकडून, त्यांनी बांधावा. बांध कुणीच बांधला नाही. तळं कोरडं पडलं, मग विहिरी आटल्या. बायका डोंगरापलीकडच्या झऱ्यावर जायला लागल्या. त्या वाटेवर हंड्यांचे एवढे ठसे उमटले की पुढं तिथं गवत उगवलं नाही, असं म्हणतात.

तेव्हा एक दिवस तो आला. तरणाबांड, अंगावर धुळीचा थर, खांद्यावर गाठोडं. आला आणि या दगडावर बसला. वेशीत मानाजी होता आणि हैबतीही होता, कारण एकमेकांवर नजर ठेवायला दोघंही तिथंच असायचे.

"कुणाचा रं तू?" मानाजीनं विचारलं.

तो म्हणाला, "वाटेचा."

आता नीट ऐका, सगळी गोष्ट इथं अडकलेली आहे. आपण म्हणतो 'वाटंचा'. हा परमुलुखातला, त्याची बोली वेगळी. तो म्हणाला 'वाटेचा', आणि तेही घसा सुकलेला असताना. मानाजीच्या कानाला ऐकू आलं 'वाट्याचा'. तो दोन पावलं मागं सरला. कारण मानाजीला एक धाकटा भाऊ होता, रायाजी. घरची वाटणी झाली तेव्हा मानाजीनं त्याला त्याचा वाटा दिला नाही, आणि रायाजी नुसत्या अंगावरच्या कपड्यांनिशी गावातून निघून गेला. आता त्याचा मुलगा वाटा मागायला आला असणार!

हैबतीला शब्द बरोबर ऐकू आला, अर्थ मात्र त्यानं आपल्या मनातला लावला. वाटंचा म्हणजे वाटेवर जन्मलेला. हैबतीची एक मुलगी होती, गजरा. तिच्यावर गावानं नको तो बोल लावला, आणि हैबतीनं अब्रूसाठी तिला याच वेशीबाहेर काढलं. पोटात पोर होतं तिच्या. पुढं तिचं काय झालं, कुणी विचारायला गेलं नाही.

चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. बिचारा तो तहानलेला होता. पण दोन्ही आळ्यांना त्या एका शब्दात आपापलं पाप दिसलं, आणि आपापली सुटकाही: याला मान दिला की जुनं देणं फिटलं.

मानाजी हळूच म्हणाला, "आपल्याला कारभारी पायजेच हाय. ह्यालाच करू या का? परका हाय, कुनाची बाजू घ्यायचा न्हाई."

हैबती लगेच म्हणाला, "करू या की."

दोघंही एकमेकांकडं बघत राहिले. अशी एकी गावानं कधी पाहिली नव्हती. त्या दिवशी वेशीवरचे कावळे ओरडायचे थांबले, असं म्हणतात.

तो म्हणाला, "मी जरा बसतो. मग निघतो." गावाला वाटलं, विनय. लोकांनी त्याला दगडावरून उठवलं, चावडीवर नेलं आणि डोक्याला पागोटं बांधलं. बसणं राहिलं ते राहिलंच.

नाव विचारलं असेल त्याला, पण ते कुणी लक्षात ठेवलं नाही. वरची आळी त्याला पाठीमागं 'रायाजीचा' म्हणायची, खालची 'गजरेचा'. लहान मुलं वाटोबा म्हणायची. तेच टिकलं.

वाटोबा फार चांगला होता, हे खोटं नाही. चावडीवर बसून त्यानं हुकूम सोडले नाहीत. दुसऱ्या दिवशी घमेलं घेतलं आणि फुटक्या बांधावर माती टाकायला लागला. रायाजीचा मुलगा माती वाहतो म्हटल्यावर वरची आळी धावली. गजरेचा मुलगा उन्हात म्हटल्यावर खालची आळी धावली. दोन्ही आळ्या एका बांधावर, खांद्याला खांदा लावून. त्याचा हात लागला की घमेलं हलकं व्हायचं, असं म्हणतात. अडून बसलेला बैल त्यानं पाठीवर थाप मारली की उठायचा, म्हणतात. सकाळी त्याची सावली वरच्या आळीवर पडायची आणि संध्याकाळी खालच्या आळीवर. पश्चिमेला वरची आळी नाहीच मुळी, खालचीही पूर्वेला नाही, पण आख्यायिकेला दिशा कोण विचारतो.

लोकांनी त्याच्यावर जीव टाकला. सणासुदीला वरच्या आळीत त्याचं पान मांडलेलं असायचं आणि त्याच वेळी खालच्या आळीतही. दोन्हीकडचे लोक शपथेवर सांगायचे, आमच्याकडंच जेवला. एकाच वेळी दोन ठिकाणी दिसायचा, असा त्याचा चमत्कार सांगतात. मला विचाराल तर बिचारा पळत जायचा आणि दोनदा पुरणपोळी खायचा. कुणाला नाही म्हणता आलं नाही त्याला.

आणि तिथंच घात झाला. परक्या माणसाकडं आपण जरा संकोचानं मागतो. आपल्या माणसाकडं मागताना संकोच कसला? जो तो यायचा आणि खाजगीत सांगायचा, "कारभारी, तुमी आपलंच हायसा. म्हून एवढं काम करा." आपलाच आहे म्हणून शेताच्या बांधाचा वाद आमच्या बाजूनं सोडव. आपलाच आहे म्हणून मुलीचं जमव. आपलाच आहे म्हणून त्यांच्याकडं जेवू नको. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, म्हणतात ना, हा प्रत्येक घरचा होता आणि उपाशी नव्हता, पण त्याला क्षणाची विश्रांती नव्हती. या दगडाशेजारून तो रोज जायचा. दगडाकडं बघायचा, आणि कुणीतरी हाक मारायचं.

गावात दर बाजाराला हौसा कासारीण यायची. डोक्यावर बांगड्यांची पाटी, पायात वहाणा झिजलेल्या, आयुष्य सगळं या गावातून त्या गावाला जाण्यात गेलेलं. एकदा ती पाटी दगडावर टेकवून उभी होती आणि वाटोबा समोरून आला. तिनं त्याच्याकडं नीट पाहिलं.

"दमलास व्हय रं लेकरा?"

वाटोबा थांबला. इतक्या दिवसांत त्याला हे कुणीच विचारलं नव्हतं. डोळे भरून आले त्याचे.

"दमलो, मावशी," तो म्हणाला.

तेवढ्यात चावडीवरून बोलावणं आलं आणि तो गेला.

बांध पुरा झाला. तळं भरलं. काठोकाठ, निळंशार. आता रीत अशी, की नवं पाणी आलं की तळ्याची ओटी भरायची, आणि पहिली ओटी भरायचा मान कारभाऱ्याच्या घरच्या बाईचा. वाटोबाचं लग्न झालेलं नव्हतं. मग घरची बाई कोणती? वरच्या आळीच्या बायका खण-नारळ घेऊन निघाल्या. खालच्या आळीच्याही निघाल्या. बांधावर दोन्ही घोळके समोरासमोर आले, आणि इतके दिवस मनात ठेवलेलं सगळं बाहेर पडलं.

"ह्यो आमच्या रायाजीचा हाय!"

"गप बसा! आमच्या गजरेचं लेकरू हाय ते!"

बायकांमागून पुरुष आले. हातात कुदळी होत्या. बांधाचा अर्धा भाग वरच्या आळीनं घातलेला, अर्धा खालच्या. मानाजी म्हणाला, "ह्याच्या तोंडून ऐकू द्या. आमचा नसंल तर आमची माती आमी काढून नेणार." हैबतीही तेच म्हणाला. कुठलाही अर्धा काढला तरी तळं जाणार होतं, हे दोघांनाही कळत होतं. पण मानापुढं पाण्याची काय किंमत?

सगळे वाटोबाकडं वळले. "सांगा कारभारी. वाट्याचा का वाटंचा?"

त्यानं एकाची बाजू घेतली असती तर दुसऱ्यानं बांध फोडला असता. खरं सांगितलं असतं, की मी तुमच्यापैकी कुणाचाच नाही, तर दोघांनी मिळून फोडला असता. बायकांच्या हातात भरलेल्या ओट्या होत्या. त्यांच्या टाळूवर हंड्यांचे घट्टे अजून होते. वाटोबानं ते पाहिलं.

तो म्हणाला, "मला जरा बसू द्या. मग सांगतो."

तो चालत वेशीपर्यंत आला आणि या दगडावर बसला. गाव तिकडं बांधावर थांबलं. कुणी हाक मारली नाही, कारण आता उत्तर ऐकायचं होतं. पहिल्यांदाच तो पोटभर बसला. किती वेळ, ते कुणी सांगू शकत नाही. सूर्यसुद्धा तेवढा वेळ जागचा हलला नाही, असं म्हणतात. मग तो उठला. पागोटं सोडलं, नीट घडी करून दगडावर ठेवलं, गाठोडं खांद्यावर घेतलं आणि आला त्या वाटेनं चालायला लागला. त्याच्या मागं धूळ उडाली नाही. वाटेनंच त्याला पोटात घेतलं, असं म्हणतात.

लोक धावत आले तेव्हा दगडावर फक्त पागोटं होतं, आणि दगड अजून ऊन होता.

मग काय झालं? मानाजीनं बांधावर परतून कुदळ उचलली, पण मारवेना. हा रायाजीचा असला तर? भावाला वाटा दिला नाही, आता त्याच्या पोरानं बांधलेला बांधही फोडायचा? हैबतीच्या हातून कुदळ गळाली. गजरेच्या लेकरानं या मातीत घाम गाळला होता. तो कुणाचा ते कळलं नाही, म्हणून बांध राहिला. कळलं असतं तर राहिला नसता. त्या दिवशी ओटी दोन्हीकडच्या बायकांनी एकदमच भरली आणि पागोटं कुणीच उचललं नाही.

पुढच्या बाजाराला हौसा कासारीण आली. सगळं गाव तिच्याभोवती जमलं. वाटेत भेटला का? कसा होता? काही बोलला का, कुणाचा ते?

हौसानं पाटी दगडावर टेकवली.

"भेटला हुता. बरा हुता. आन् कुनाचा म्हून काय इचारताय मला? त्यानं तुमास्नी पयल्याच दिशी सांगितलं की. वाटंचा म्हंजी वाटंचा. माज्यावानी. चालून चालून दमला हुता, म्हून बसला हुता. पानी इचारायचं सोडून तुमी त्याच्या डोईवर गाव ठिवलं."

हैबती खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. मानाजीनं म्हणे त्याच दिवशी रायाजीचा शोध घ्यायला माणूस पाठवला. तो सापडला का, ते मला माहीत नाही. सापडला असावा असं मला फार वाटतं.

तेव्हापासून या दगडावर कुणीही येऊन बसलं, तरी खेरूळात त्याला कुणाचा म्हणून विचारत नाहीत. आधी तळ्याचं पाणी देतात. आणि गावाचा जो कुणी कारभारी असेल, पुढं सरपंच झाले, आता नगराध्यक्ष आले, त्यानं वर्षातून एकदा, तळं भरलं की, इथं येऊन डोक्यावरचं काढायचं आणि बसायचं. उठेपर्यंत त्याला कुणी काम सांगायचं नाही. फक्त एकानं पुढं होऊन हौसानं वाटोबाला विचारलेला प्रश्न विचारायचा, आणि त्यानं खरं उत्तर द्यायचं. खोटं बोलला तर तळ्याचं पाणी हातभर उतरतं, असं म्हणतात. मी इतके कारभारी पाहिले. बहुतेक सगळे हसून "छे छे" म्हणाले. भरलं म्हणतात तरी तळं किती खाली आहे ते तुम्ही बघताच आहात.

तो बघा, आला. एकटाच आलाय, पायी. चेहरा उतरलाय पोराचा. आल्या आल्या तिघांनी गाठलंच त्याला, अर्ज घेऊन. सोडा रे त्याला, बसू द्या.

इतकी वर्षं मीच विचारत आलोय. यंदा माझ्यात त्राण नाही. तुमच्यापैकी कुणीतरी पुढं व्हा. तांब्या इथं आहे, भरलेला. काय विचारायचं ते ठाऊक आहे ना? तेवढंच विचारा. भलतं काही विचारू नका.