तहाचा घास

एका राज्यात नदी होती आणि त्या नदीत पाणी नव्हते. लाटा होत्या, भोवरे होते, काठाला फेसही होता. परंतु ते सारे काळ्या दगडाचे होते.

असे का झाले, ते ऐका. नदीच्या अलीकडे सुकेतू राजा राज्य करीत असे, पलीकडे इलावती राणी. दोघे एकाच दाईच्या दुधावर वाढलेले, दूधभाऊ आणि दूधबहीण. एके वर्षी मधल्या बेटावर कालंजय नावाच्या मांत्रिकाने शाप देऊन पुरलेला सुवर्णकलश वाळूतून वर आला. दोघांनी एकाच क्षणी त्याला हात घातला. "माझा," राजा म्हणाला. "माझा," राणी म्हणाली. राजाने हिसका देऊन कलश ओढून नेला आणि तत्क्षणी नदी दगड झाली. तिथून युद्ध पेटले.

युद्धाने राजाला यश दिले नाही. पूर्वेचा गड पडला, अरण्याची वाट गेली. उरला तो खिंडीतला एकच गड, आणि त्यालाही इलावतीच्या सैन्याने वेढा घातला. राजाची एकुलती एक कन्या कादंबिनी तहानलेल्या शिबंदीसाठी पखाली घेऊन त्या गडावर गेली होती. ती वर पोहोचली आणि मागे वेढा आवळला गेला.

राजाने सभा भरवली. उजवीकडे सेनापती भीमकर्ण, डावीकडे वृद्ध प्रधान सोमशर्मा. तेवढ्यात गवाक्षातून एक खंड्या आत आला. तो इलावतीचा दूत होता. नदी दगड झाल्यापासून त्याला मासा मिळाला नव्हता आणि त्याचा स्वभाव मुळातच गोड नव्हता.

"राजा," खंड्या म्हणाला, "गडावरून उडत आलो. तुझी लेक आपल्या वाट्याचे पाणी जखमींच्या ओठांना लावते आहे. पखाली सपाट झाल्या आहेत."

राजा प्रधानाकडे वळला.

"महाराज, तह करावा," प्रधान म्हणाले.

"तह!" सेनापती उसळला. "प्रधानजी, दोनदा तहाचा घास पाठवलात. दोनदा तो परत आला. आता काय पक्वान्नांचे ताट पाठवणार?"

त्या दोन्ही राज्यांत रीत अशी होती की, तह मागणाऱ्या राजाने आपला भात पाठवावा आणि समोरच्याने तो खावा. खाल्ला तर शस्त्र खाली.

"भात उत्तम होता," खंड्या म्हणाला. "केशर होते, बेदाणे होते. म्हणूनच परत आला. तुझ्या हातून कलश सुटला पाहिजे, राणीच्या आणि तुझ्या तोंडातून सत्य सुटले पाहिजे आणि अखेरीस तुमच्या चुलीवरून भात उतरला पाहिजे. कालंजयाच्या या तीन अटी आहेत. मी सांगितल्या. आता निघतो, इथे खायला काही नाही."

"कलश परत द्यायचा?" भीमकर्ण म्हणाला. "मग आपले लोक कशासाठी लढले, महाराज?"

राजाने कलश उचलला, दगडी लाटांवरून तो चालत बेटावर गेला आणि जिथून कलश घेतला होता तिथेच ठेवला. वाळूने तो गिळला, जसे पाण्यात पडलेले नाणे बुडते तसे. पहिली अट पुरी झाली.

दुसरी अट कठीण होती. त्या राज्यात युद्ध चालू असेतोवर कोणी पडलेल्यासाठी रडायचे नाही, असा दंडक होता. 'पडला' असे म्हणायचेही नाही. 'सीमेवर आहे' असे म्हणायचे. सीमेवर असलेल्यांची पाने घरोघरी रोज वाढली जात आणि रोज उचलली जात.

"महाराज, पराभव राजाच्या मुखातून निघाला, तर सैन्याचा कणा मोडेल," भीमकर्ण म्हणाला.

"तुमचा मुलगा अरिंजय कोठे आहे, सेनापती?" राजाने हळूच विचारले.

"सीमेवर आहे," भीमकर्ण म्हणाला, आणि त्याने मान वळवली.

राजा नगारखान्यावर चढला. त्याने नगारे थांबवले. "प्रजाजनहो," तो म्हणाला, "पूर्वेचा गड पडला. अरण्याची वाट गेली. ज्यांना तुम्ही सीमेवर समजता, ते परत येणार नाहीत. माझ्या हट्टापायी ते गेले. त्यांच्यासाठी रडा. मी दंडक मोडला आहे."

एका बाईने हंबरडा फोडला, मग शेजारच्या घरातून दुसरीने, आणि पाहता पाहता सारे नगर रडू लागले. कोणाचा कणा मोडला नाही. माणसे एकमेकांच्या दारी गेली, एकमेकांना धरून बसली.

नगाऱ्याला टेकून भीमकर्ण उभा होता. "महाराज," तो म्हणाला, "तो सीमेवर नाही."

"नाही, भीमकर्णा."

मग त्या पहाडासारख्या माणसाने राजाच्या खांद्यावर डोके ठेवले.

उरला भात. राजाने मुदपाकखान्याकडे निरोप धाडला आणि निरोप्या दारापर्यंत जातो न जातो, तोच राजाने त्याला माघारी बोलावले. "दोन्ही वेळा तो आचाऱ्याने रांधला होता!" तो उद्गारला. राजाचा भात म्हणजे राजाच्या मुदपाकखान्यातला भात, असेच सभेत साऱ्यांनी धरले होते. इतक्या विद्वानांत कोणाला शंकाही आली नव्हती.

राजाने चूल मांडली. धुराने त्याचे डोळे चुरचुरले. मडक्यात त्याने आपल्या वाट्याचे पाणी ओतले. ते पुरले नाही. तेव्हा भीमकर्णाने आपला चंबू पुढे केला.

"तुम्ही काय प्याल?" राजाने विचारले.

"राजकन्या खाली उतरल्यावर पिईन," सेनापती म्हणाला. "मात्र आच कमी करावी, महाराज. वास येतो आहे."

"ढवळू का?"

"आता ढवळून काय उपयोग!" प्रधान कपाळावर हात मारून म्हणाले.

करपलेला भात घेऊन राजा एकटाच बेटावर गेला. इलावती समोरून येत होती. तिच्याही हातात मडके होते आणि तिच्या बोटांना भाजल्याचे फोड आले होते.

"माझे दोन सेनानी पडले," ती म्हणाली. "काल मी ते प्रजेला सांगितले. तुझी लेक गडावर आहे, हे मला ठाऊक होते, सुकेतू. तरी मी वेढा उठवला नाही."

"आणि हिसका मी दिला होता," राजा म्हणाला.

त्याने घास उचलून तिच्या मुखात घातला. तिने तो चावला आणि तोंड वाकडे केले.

"करपला आहे."

"हो."

"मीठही नाही."

"विसरलो."

तिने तो गिळला. मग आपल्या मडक्यातला घास तिने त्याला भरवला. दाताखाली दाणा कटकन वाजला.

"इले, हा तर कच्चा आहे!"

"दाईने आपल्या दोघांना कधी चुलीजवळ फिरकू दिले होते?" राणी म्हणाली, आणि दोघे रडत रडत हसू लागले. हसता हसता दोघांचे पाय ओले झाले. दगडी फेस पांढरा झाला, भोवरे फिरू लागले आणि नदी वाहू लागली.

राणीने वेढा उठवला आणि गडाचा दरवाजा उघडला. खिंडीतून जखमींना आधार देत राजकन्या नदीकाठी उतरली. तिचे ओठ फुटले होते. राजा धावत गेला आणि ओंजळ भरून त्याने तिच्यासमोर धरली.

"तात," तिने विचारले, "आपण हरलो की जिंकलो?"

"आधी पाणी पी, बाळ," राजा म्हणाला.

ती प्यायली. तिच्यानंतर जखमी प्यायले, त्यांच्यानंतर वेढा घालणारे प्यायले, आणि सर्वांत शेवटी भीमकर्ण प्यायला. शाप सरला, दोन्ही काठांवर चुली पेटल्या. त्यांच्या ओंजळीत जसे पाणी आले, तसे ते ऐकणाऱ्यांच्या आणि सांगणाऱ्यांच्या ओंजळीतही येवो.