गवंड्याचा माठ

फार फार वर्षांपूर्वी, एका उन्हाळी मुलखात एक गवंडी राहत होता. लहानांनो, आणि लहानांना मांडीवर घेऊन बसलेल्या थोरांनो, हा काही साधासुधा गवंडी नव्हता. त्याने बांधलेल्या तळ्यातून पाण्याचा थेंब झिरपत नसे. चुना, गूळ आणि बेलफळाचा गर घोटून तो असा गिलावा करी, की मुंगीलाही त्यातून वाट मिळू नये. राजाने खूश होऊन त्याला तांब्याचा मोठा हंडा बक्षीस दिला होता.

माणूसही आपल्या गिलाव्यासारखाच होता. त्याची एकुलती एक मुलगी सात वर्षांची होऊन तापाने गेली, तेव्हा त्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बांधावर कामाला हजर. गाव म्हणालं, "याला म्हणतात छाती." त्याची बायको चुलीपुढे एकटीच रडली. त्यानंतर त्या घरात मुलीचं नाव कोणी काढलं नाही.

घरात मातीचं भांडं आणायला गवंड्याची बंदी होती. "झिरपणारं भांडं, आणि माझ्या घरात? लोक हसतील." त्यामुळे सारी वर्षं दोघं त्या हंड्यातलंच पाणी प्यायली. वैशाखात ते तोंडात धरवत नसे, पण हंडा राजाचा होता.

दोघं म्हातारी झाली. एका हिवाळ्यात बायकोने अंथरूण धरलं, ते उन्हाळा लागला तरी सोडेना. वैद्य म्हणाले, "अन्न जात नाही, तर निदान पाणी पोटात गेलं पाहिजे. उन्हाळा निभावला तर बाई वाचतील." पण ती नुसते ओठ ओले करी आणि भांडं बाजूला ठेवी.

गवंडी मनातून हादरला. "तुला काय हवं ते सांग," तो म्हणाला.

"माहेरी ओसरीवर माठ असायचा. तसलं गार पाणी प्यावंसं वाटतं." मग ती म्हणाली, "अहो, तुम्ही राजासाठी तळी बांधलीत, गावासाठी बांध घातलेत. एक माठ माझ्यासाठी कराल?"

दुसऱ्याच दिवशी गवंडी वेशीजवळच्या म्हाताऱ्या कुंभाराकडे गेला. कुंभार माती तुडवत होता आणि तिच्यात घोड्याची लीद मिसळत होता. गवंड्याने नाक मुरडलं. "हे कशाला?"

"ते भट्टीला ठाऊक," कुंभार हसून म्हणाला. "तुम्ही बसा चाकावर."

गवंड्याला वाटलं होतं, दगड वाकवणाऱ्याला माती ती काय! पण पहिला गोळा हातातून सुटून भिंतीवर आपटला. दुसरा खचला, तिसरा फाटला.

"दादा, दगडाला हुकूम सोडता येतो," कुंभार म्हणाला. "हिला विचारावं लागतं. हात हलका ठेवा."

आठव्या दिवशी गवंड्याने हात हलका ठेवला. अंगठा गोळ्याच्या मधोमध टेकला, आणि त्याच्या डोळ्यांदेखत मातीच्या पोटात जागा उघडली. कड आपोआप वर येऊ लागली. जन्मभर त्याने दगडावर दगड चढवले होते, पण आपल्या बोटांखाली काही असं उगवताना त्याने कधी पाहिलं नव्हतं. चाक थांबलं तरी त्याचे हात तसेच होते.

मग आतून दगडी गोळा धरून आणि बाहेरून लाकडी थापटणं मारून कुंभाराने त्याच्याकडून माठाचं पोट वाढवून घेतलं. गळा जरा तिरका झाला. माठ सावलीत वाळला, भट्टीत भाजला, आणि बोटाने वाजवला तेव्हा खणखणीत बोलला. गवंड्याने तो लेकरासारखा छातीशी धरून घरी आणला.

बायको झोपली होती. त्याने माठ भरून ठेवला. घटकाभरात पाहतो तर माठाचं अंग ओलं! थेंब खाली ठिबकत होते. गवंड्याच्या पायाखालची जमीन सरकली. साऱ्या मुलखात ज्याच्या हातचं पाणी झिरपत नाही, त्याचाच माठ झिरपतो? त्याने कोणाला कळू न देता माठ रिकामा करून वाळवला, चुना-गूळ-बेलाचा गिलावा घोटला आणि आतून चार हात दिले.

आता माठ अगदी कोरडाठाक राहिला. गवंड्याने मोठ्या अभिमानाने बायकोच्या हाती भांडं दिलं. तिने घोट घेतला. "तुम्ही केलात," ती हसून म्हणाली, "छान झालाय." आणि भांडं हळूच बाजूला ठेवलं.

गवंड्याने ते पाणी चाखलं. हंड्यातल्यासारखंच कोमट.

तो तरातरा कुंभाराकडे गेला. दुपार टळटळीत होती. "तुझी माती खोटी आहे," तो म्हणाला. "आधी झिरपली. मी गिलाव्याने बंद केली, तर पाणी गार होईना."

कुंभार हसून उठला. कोपऱ्यात ओल्या वाळूवर त्याचा माठ होता, घामाघूम. ठिबकत्या थेंबांवर शेजारी तुळशीचं रोप वाढलं होतं. कुंभाराने माठातलं भांडंभर पाणी गवंड्याला दिलं. पहिल्याच घोटाला दात शिवशिवले.

"दादा, लीद भट्टीत जळते आणि तिच्या जागी डोळ्यांना न दिसणारी भोकं राहतात. त्यांतून थोडं पाणी बाहेर येतं आणि वाऱ्यावर उडून जातं. जाताना आतल्याचा ताप घेऊन जातं. ती भोकंच तुम्ही बुजवलीत."

गवंड्याने त्या माठाच्या ओल्या पोटावर हात ठेवला. बाहेर आग ओकणारं ऊन, आणि या मूठभर मातीत पहाटेसारखा गारवा. राजाच्या तळ्यांचं त्याला कधी नवल वाटलं नव्हतं; या माठापुढे मात्र त्याने डोकं टेकवलं. आपण आणखी काय काय लिंपून बंद केलंय, ते त्याला आता कळत होतं.

त्याने दुसरा माठ केला. याचाही गळा तिरकाच झाला. याला त्याने चुना दाखवला नाही. त्याला घाम फुटला, तो ठिबकू लागला, आणि गवंड्याने खाली तुळशीची कुंडी ठेवली.

बायकोने भांडं तोंडाला लावलं ते रिकामं करूनच खाली ठेवलं. "आणखी द्या," ती म्हणाली.

गवंड्याने पाणी ओतलं. इतक्या वर्षांनी त्याने मुलीचं नाव घेतलं. "आज ती असती," तो म्हणाला, "तर या तिरक्या गळ्याला किती हसली असती." म्हातारा गवंडी लहान मुलासारखा रडला.

बायकोने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "मला वाटायचं, तुम्ही तिला विसरलात," ती म्हणाली.

त्या दिवसापासून दोघं रोज माठाशेजारी बसून मुलीच्या गोष्टी काढत. उन्हाळा निभला, आणि त्यानंतरचेही कितीतरी. राजाचा हंडा अंगणात गेला. त्यात गाईगुरं पाणी पीत.

म्हणून लक्षात ठेवा: जो थोडं बाहेर जाऊ देतो, त्याचंच आतलं निवतं.