जोडहातीचा उपास

ऐका मंडळी. ही गोष्ट इतकी जुनी आहे, की तिच्यातलं गाव कुठल्या नदीकाठी होतं हे आता कुणालाच सांगता येत नाही. राजाचं नाव म्हणाल, तर ते त्याच्या प्रजेलाही धड पाठ नव्हतं. त्या गावात भिवाजी नावाचा एक बुरूड राहत असे.

भिवाजी सुपं विणायचा, टोपल्या विणायचा. त्याच्या सुपातून राईचा दाणासुद्धा निसटत नसे. पण त्याचा खरा जीव सुपा-टोपल्यांत नव्हता. त्याला छंद होता किडे पाळण्याचा.

हसू नका! सगळं गाव हसून झालंय आधीच. त्याची थोरली बहीण ठकूअक्का तर येता-जाता म्हणायची, "लोक गाई पाळतात, शेळ्या पाळतात. आमच्या भिवाला बघा, किड्यांचा गोठा! जित्याची खोड मेल्याशिवाय जायची नाही."

भिवाजी पाळायचा तो किडा तुम्हीही कुंपणावर पाहिला असेल. हिरवागार, बोटभर लांब, पुढचे दोन पाय जोडून देवापुढे उभा राहिल्यासारखा बसणारा. गावात त्याला जोडहात्या म्हणत. भक्ती-बिक्ती काही नाही हो त्याच्या मनात! माशी टप्प्यात आली की झडप घातलीच म्हणून समजा.

जोडहात्याची मादी काटकीवर फेसाचा गोळा घालते. फेस वाळून कडक होतो आणि पुढे त्यातून मुंगीएवढी शंभरभर पिल्लं लोंबत बाहेर येतात. ती एकत्र ठेवली तर एकमेकांनाच खातात. म्हणून भिवाजी प्रत्येक पिल्लाला बांबूची वेगळी नळी द्यायचा, तोंडाला विरळ फडकं बांधायचा, आणि जरा मोठं झालं की बारीक काड्यांचा पिंजरा विणायचा. गावातले माळी त्याच्याकडून पिल्लं मागून न्यायचे आणि भाजीच्या वाफ्यात सोडायचे. ती किडे खायची, भाजी वाचायची.

जो कुणी पिल्लं न्यायला येई, त्याला भिवाजी एक गोष्ट बजावून सांगे. "कात टाकायच्या आधी हा खात नाही. छताला उलटा लटकून गप राहतो. तेव्हा पिंजऱ्यातलं सगळं खाणं बाहेर काढायचं, नि हात लावायचा नाही. कातीतून निघालेला जीव लोण्यासारखा मऊ असतो. एरवी ज्यांना तो खातो, तेच तेव्हा त्याला खातात."

सात पिढ्या त्यानं अशा सांभाळल्या होत्या. पण त्या वर्षी उन्हाळा फार कडक पडला आणि एकामागून एक पिल्लं मेली. वाचली ती एकच मादी, एक जोडहाती. तिची एकच कात राहिली होती. ती टाकली की तिला पंख फुटणार, मग कुंपणावरचा एखादा नर आणून जोडी लावायची, आणि वंश पुढे चालणार.

त्याच वर्षी भिवाजीवर आभाळ कोसळलं. त्याची एकुलती एक लेक येसू माहेरी परत आली. तिचा नवरा नदी ओलांडताना बुडाला होता. येसू मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसली. बोलेना, रडेना. दिवसाकाठी दोन घोट पेज पोटात गेली तर गेली.

आईविना वाढवलेली पोर.  भिवाजीनं आयुष्यात कधी केल्या नव्हत्या त्या शेवया केल्या. लाडू वळले, ते फुटले, पुन्हा वळले. दर घटकेला तो ताट घेऊन दारात उभा राही. "येसू, दोन घास तरी खा गं, बाय माझी."

"बाबा, मला नुसतं बसू दे," येसू म्हणायची.

तो "बरं" म्हणायचा आणि घटकाभरानं दुसरं ताट घेऊन यायचा.

ठकूअक्कानं वेगळाच उपाय काढला. "चार बायका आल्या-गेल्या की मन रमतं," ती म्हणाली, आणि चाराच्या जागी चौदा बायका घेऊन आली. आता बायका मनानं वाईट नव्हत्या हं! पण उचलली जीभ लावली टाळ्याला. एक म्हणाली, रड एकदाची मोकळेपणानं. दुसरी म्हणाली, किती दिवस रडशील? तिसरीनं तर आपल्या विधुर दिराची गोष्ट काढली. येसू ऐकत होती आणि भिंतीकडे आणखी सरकत होती.

एका सकाळी भिवाजी ताट घेऊन गेला, तर येसूच्या उशाशी गाठोडं बांधून ठेवलेलं.

"कुठं निघालीस पोरी?" त्यानं घाबरून विचारलं.

"कुणी बोलणार नाही, कुणी भरवणार नाही, अशा ठिकाणी," येसू म्हणाली. तिची नजर खिडकीतून नदीकडे होती.

भिवाजीला काय करावं सुचेना. भरलेलं ताट तसंच घेऊन तो ओसरीवर आला. समोर पिंजऱ्यात जोडहाती छताला उलटी लटकली होती आणि कालची माशी तिच्यापुढे मजेत फिरत होती.

"तूही खायची नाहीस? सगळ्यांनी मिळून माझ्या घरात उपास धरलाय का?" तो तिच्यावर खेकसला. मग कोपऱ्यातल्या मडक्यातून त्यानं पाच धष्टपुष्ट रातकिडे काढले, पिंजऱ्यात सोडले आणि दार लावून घेतलं. साऱ्या गावाला शिकवलेली गोष्ट, पण त्या घडीला त्याची त्यालाच आठवली नाही.

दुसऱ्या दिवशी उन्हं ओसरीवर आली तेव्हा त्यानं पिंजऱ्यात पाहिलं. जोडहाती अर्धी कातीतून बाहेर आली होती. नुकते फुटलेले फिकट पंख ओल्या पानासारखे दुमडलेले होते. आणि पाचही रातकिडे तिचं मऊ अंग कुरतडत होते. ती केव्हाच मेली होती.

भिवाजी पिंजरा मांडीवर घेऊन मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडू लागला.

तो आवाज ऐकून येसू बाहेर आली. कितीतरी दिवसांनी ती उंबऱ्यापर्यंत आली होती. तिनं पिंजऱ्यात पाहिलं. लहानपणापासून तिनं बापाच्या हाताखाली नळ्यांना फडकी बांधली होती. तिला सांगावं लागलं नाही.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "तिला भूक नव्हती. ती कात टाकत होती."

एवढंच बोलून ती आत गेली.

 भिवाजी उठला. कालचं ताट त्यानं शेजारच्या गाईला घातलं. बांबू, कोयता आणि अर्धवट विणलेली टोपली उचलली आणि येसूच्या दाराशी पाठ लावून विणायला बसला.

दुपारी ठकूअक्का बायकांना घेऊन आलीच.

"सरक की भिवा. आत जाऊ दे."

"आज नाही अक्का."

"अरे, पोर उपाशी, एकटी! तिला काही झालं तर?"

"एकटी कुठं आहे? मी आहे ना दाराशी," भिवाजी म्हणाला. "पाण्याचा तांब्या आत ठेवलाय. बाकी ती मागेल तेव्हा."

"बाप आहेस का कोण आहेस!" अक्का कडाडली आणि पाय आपटत निघून गेली. गाव चार दिवस भिवाजीला नावं ठेवत होतं.  त्यालाही रोज उठून ताट भरावंसं वाटे, पण तो हात आवरून काड्या विणत राही. त्या काळात त्यानं नऊ टोपल्या विणल्या. एवढ्या वाकड्या टोपल्या त्यानं जन्मात विणल्या नव्हत्या.

तिसऱ्या दिवशी आतून रडण्याचा आवाज आला. त्यानं उठायला गुडघा टेकला, आणि पुन्हा बसला. सहाव्या दिवशी तांब्या भरून आत ठेवताना त्यानं पाहिलं, उशाचं गाठोडं सुटलं होतं आणि लुगडी दांडीवर आली होती.

दहाव्या दिवशी त्याच्या पाठीमागचं दार किलकिलं झालं. येसू बाहेर आली. अंगानं वाळली होती, डोळे सुजले होते, पण ते डोळे आता समोर पाहत होते. ती बापाशेजारी बसली, त्याच्या हातातली टोपली घेतली आणि जरा निरखून पाहिली.

"किती वाकडी विणलीस ही," ती म्हणाली. मग एक काडी सरळ करत म्हणाली, "बाबा, भाकरी आहे का रे?"

भिवाजीच्या जोडहातीचा वंश तिथंच संपला, तो काही परत आला नाही. तिचा रिकामा पिंजरा मात्र त्यानं जन्मभर ओसरीवर टांगून ठेवला. कुणी विचारलं तर सांगायचा, माझ्या गुरूचं घर आहे ते.

म्हणून सांगतो मंडळी: जो जीव कात टाकतोय त्याला भरवायला जाऊ नये, त्याच्या दाराशी राखणीला बसावं.