दुकानात न दिसलेला बिघाड

घाटाखालच्या एका गावात दिगंबर नावाचा लॅपटॉप दुरुस्त करणारा राहत होता. त्याच्या हाताला यश होतं आणि त्याला त्याचा थोडा ताठाही होता. आपल्या डोळ्यांना जे दिसत नाही ते नाहीच, असा त्याचा खाक्या.

एकदा कुमुदबाई त्याच्या दुकानात आल्या. बाई लॅपटॉपवरून दूरदूरच्या लोकांना मोडी लिपी शिकवत. एकट्या बाईंचा सगळा जीव त्या वर्गात गुंतलेला. पण आताशा शिकवता शिकवता वायफाय मध्येच जाई. पडद्यावरचे चेहरे गोठत आणि वायफाय परत येईपर्यंत निम्मे विद्यार्थी निघून गेलेले असत.

दिगंबरने लॅपटॉप ठेवून घेतला, दिवसभर चालवून पाहिला. वायफाय एकदाही गेलं नाही. राउटर बदला, असं सांगून त्याने तो परत दिला.

बाईंनी राउटर बदलला. वायफाय जातच राहिलं. त्या पुन्हा आल्या, आणि दुकानात पुन्हा सगळं सुरळीत. आता बाई पुरत्या गोंधळल्या. कधी त्यांना वाटे, मिक्सर लावला की जातं. कधी वाटे, आभाळ आलं की जातं. दर खेपेला त्या नवंच काहीतरी सांगत आणि दिगंबरला मनातून हसू येई. परगावचा मुलगाही फोनवर म्हणाला, की आई, तुझंच काहीतरी चुकत असेल. हळूहळू बाईंना स्वतःचाच भरवसा वाटेना. वायफाय खरंच गेलं की आपणच भलतं बटण दाबलं, हेही कळेनासं झालं.

शेवटी एका सकाळी त्यांनी लॅपटॉप दिगंबरपुढे ठेवला.

"हा विकून टाका. वर्ग बंद करते. चूक बहुधा माझीच आहे."

कटकट आपोआप टळत होती. पण बाईंचा उतरलेला चेहरा पाहून दिगंबर चपापला. काही घडतच नसतं, तर या बाईंनी जिवापाड जपलेला वर्ग मोडला असता का?

"आजचा वर्ग घ्या," तो म्हणाला. "मी शेजारी बसतो."

दुपारी बाई आपल्या घरी झोपाळ्यावर बसून शिकवू लागल्या. दिगंबर नुसता पाहत राहिला. थोड्या वेळाने चेहरे गोठले. बाईंचे दोन्ही हात तेव्हा मांडीवर होते. आता गोंधळायची पाळी दिगंबरची. राउटर चालू, त्याच्या फोनवर वायफाय ठणठणीत. मग लॅपटॉपवरचंच कसं गेलं?

"गेलं, बाई."

"तुम्हालाही दिसलं?" बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

बराच वेळ त्याला काही उमगेना. मग लक्षात आलं: झोपाळ्याजवळ प्लग नव्हता, लॅपटॉप बॅटरीवर चालला होता. दुकानात लॅपटॉप आल्या आल्या तो चार्जर लावत असे. त्याने चार्जर लावला, वायफाय टिकलं. काढला, थोड्या वेळात गेलं. खोट वायफायच्या सॉफ्टवेअरमध्येच होती. बॅटरी वाचवायला ते वायफायला झोपवी आणि मग वेळेवर जागं करणं काही त्याला जमत नसे. दिगंबरने ती झोपवण्याची सोयच बंद करून टाकली.

निघताना तो उंबऱ्यापाशी अडखळला. "बाई, तुम्ही पहिल्यापासून खरं सांगत होता. मी लॅपटॉप तपासला, तुमचं ऐकलं नाही."

बाई पडद्याकडे वळल्या होत्या. एकेक चेहरा परत येत होता.

तात्पर्य: दुसऱ्याची अडचण आपल्याला दिसली नाही म्हणून ती खोटी ठरत नाही, ती बघायची तर त्याच्याजवळ जाऊन बसावं लागतं.