झऱ्याकाठचं कुरण

त्या पठारावरच्या मेंढ्यांत सरळ चालणं हलकं समजलं जाई. थोर घराण्यातलं कोकरू जरा मोठं झालं, की त्याची मान डावीकडे कलायची आणि ते एकाच जागी गोल गोल फिरू लागायचं. मग साऱ्या कळपाची छाती फुगायची. ही थोर कोकरं झऱ्याकाठच्या हिरव्या कुरणात चरत. बाकीच्यांच्या वाट्याला खडकाळ उतार येई. उतारावरची कोकरं जन्मभर नाकासमोर चालत, आणि त्यावरूनच त्यांचं कुळ ओळखलं जाई.

फिरणारं कोकरू फार जगत नसे. ते गेलं, की त्याचं डोकं मिरवत नेऊन रखवालदार कुत्र्यांना अर्पण केलं जाई. कवटी फुटली, की आतून पाण्याने भरलेली अंड्याएवढी पिशवी निघे. तिला ज्ञानकलश म्हणत. रखवालदार ती मिटक्या मारत खात, मग त्याच कुरणात लोळत आणि तिथेच पोट मोकळं करत. त्यांच्या वावराने कुरण पावन झालं, असं जो तो अभिमानाने सांगे.

काजळी नावाच्या मेंढीचा थोरला, चंदर, फिरू लागला तेव्हा तीही हरखली. पाणवठ्यावर इतर मेंढ्या तिला वाट देऊ लागल्या, आणि ते तिला फार आवडलं. पण चंदरला मात्र झऱ्यापर्यंत जाता येईना. तो पाण्याकडे निघे आणि फिरून जिथल्या तिथे येई. एका दुपारी, पाणी डोळ्यांसमोर असताना, तो तहानेने कोसळला. काजळीचा अभिमान त्या दुपारीच गेला.

ती कुरणाकडे नीट पाहू लागली. रखवालदार कुठे बसतात, कोकरं कुठलं गवत खातात, हे तिने पाहिलं. डोकं न्यायला कळपाचा म्होरक्या बाजिंदा आला, तेव्हा ती आडवी उभी राहिली.

"डोक्यातली पिशवी खाऊन रखवालदार ज्या गवतात घाण करतात, तेच खाऊन माझं पोर गेलं," ती म्हणाली. "हे डोकं मी देणार नाही."

"मग तुझा धाकटा पवळा दगडांतल्या पोरांसारखा सरळ चालेल. चालेल तुला?"

"चालेल."

तिने चंदरचं डोकं ढुशी मारून खोल दरीत लोटलं आणि पवळ्याला घेऊन उतारावर गेली. कळपाने तिच्याशी बोलणं टाकलं. पण पुढे ज्या ज्या आईचं पोर गेलं, तिने कुणाला न सांगता डोकं दरीतच ढकललं.

पुढच्या पावसाळ्यात कुरण धुऊन निघालं. त्या सालची कोकरं सरळ चालू लागली, आणि थोर घराण्यांवर अवकळा पसरली. कुळाचं तेज गेलं म्हणून म्हातारे हळहळले. शेवटी बाजिंदाने कुरणात शाळा काढली, आणि उतारावरच्यांनाही तिचं दार मोकळं केलं.

काजळी पाण्याला आली तेव्हा शाळा भरली होती. टवटवीत डोळ्यांची कोकरं माना डावीकडे कलवून गोल फिरत होती. सगळ्यांत सुबक फेरी पवळ्याची होती. आई पाहतेय ना, हे बघायला त्याने क्षणभर मान सरळ केली, आणि तिला पाहताच पुन्हा ऐटीत कलवली.