लाल दोऱ्याचा पिंजरा

एका संशोधनशाळेत एकदा एक वयोवृद्ध आचार्य कंपवातावर औषध शोधत होते. त्यांचा एक शिष्य होता, बुद्धीने तल्लख आणि स्वभावाने कमालीचा अधीर. अधीर का नसावा? त्याच्या आईलाच कंपवात जडला होता. तिच्या हातातली कपबशी खडखडू लागली की त्याला घरात बसवत नसे. तो उठून सरळ प्रयोगशाळा गाठी.

तिथे दोन पिंजरे होते. दोन्हींत थरथरणारे पांढरे उंदीर, एकासारखा एक. लाल दोरा बांधलेल्या पिंजऱ्यातल्यांना नवे औषध, पांढऱ्या दोऱ्याच्या पिंजऱ्यातल्यांना नुसते पाणी. शिष्य रोज एकेका उंदराला अरुंद दांडीवरून चालवी आणि पाय कितीदा घसरतो ते पाही. लाल पिंजरा दिवसेंदिवस सावरत चालला होता.

"सर, आता कशाची वाट पाहायची? वर्तमानपत्र उघडा. कुणाला नवा कण सापडतो, कुणी पेशीचं कोडं सोडवतो, आणि आपण अजून उंदीरच चालवतोय!"

आचार्य नुसते हसले. उतावळ्याला उपदेश पचत नाही, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

त्या संध्याकाळी शिष्याने औषधाची एक कुपी गुपचूप खिशात टाकली. उद्याची चाचणी झाली की ती आईला द्यायची, असे त्याने मनाशी ठरवून टाकले.

दुसऱ्या दिवशी लाल पिंजऱ्यातले उंदीर नीट चालले, पांढऱ्यातले घसरले. शिष्याचा चेहरा उजळला. "बघितलंत ना, सर?"

आचार्य उठले. त्यांनी दोन्ही दोरे सोडले आणि एकमेकांच्या जागी बांधले. "काल तू गेल्यावर मी दोरे बदलले होते. आज नीट चालले, ते पाणी प्यायलेले उंदीर."

शिष्य पिंजऱ्यांपाशी वाकला. "मग ते चालले कसे?"

"तू चालवलेस म्हणून. लाल पिंजऱ्यातला उंदीर तू ओंजळीतून दांडीवर ठेवतोस, त्याची थरथर थांबेपर्यंत हात काढत नाहीस. पांढऱ्यातल्याला शेपटी धरून सोडतोस. लालमधल्याचा पाय घसरला, तर 'एवढं चालायचंच' म्हणतोस. तू लबाड नाहीस रे, तू आईचा मुलगा आहेस. मनी वसे ते स्वप्नी दिसे. आपल्या कामात ते दांडीवरही दिसतं. पलीकडच्या इमारतीतले भौतिकशास्त्राचे लोक मोजणी पुरी होईपर्यंत आपला निकाल आपल्यापासूनच झाकून ठेवतात. मी त्यांना हसायचो. तेच शहाणे निघाले."

"म्हणजे औषध खोटं?"

"तेही ठाऊक नाही. हेच तर दुखणं आहे. उद्यापासून कोणता पिंजरा कोणता, हे उंदीर चालवणाऱ्याला सांगायचं नाही. तुलाही नाही."

"आणि तोवर माझ्या आईनं काय करायचं?" शिष्याचा आवाज चढला.

आचार्यांनी दोन्ही पिंजऱ्यांचे दोरे सोडून घेतले. शिष्याने खिशातली कुपी काढून मेजावर ठेवली.

संध्याकाळी आईने विचारले, "मिळालं का रे औषध?"

"अजून नाही, आई."

कपबशी खडखडू लागली. आज तो उठला नाही. त्याने तिच्या हाताखाली आपला हात धरला, तशी कपबशी शांत झाली. हे औषध नव्हे, हे त्याला आता ठाऊक होते. तरी त्याने हात काढला नाही.