पास्त्याची नळी आणि उपाशी पिल्लू

एक होतं बीळ. ओट्याखालच्या कोपऱ्यात. बिळात होती एक उंदरी. पिटुकली. तिचं होतं एक पिल्लू. तिच्याहून पिटुकलं.

पिल्लू उपाशी होतं. उंदरीही उपाशी होती. का बरं?

त्या घरातली आई देवाघरी गेली होती. असं झालं की घरात शेगडी पेटवत नाहीत. शेजारपाजारचे डबे आणतात. डब्यातून पिठलं येतं, भात येतो. माणसं खाली मान घालून जेवतात. गप्प गप्प. एक कणसुद्धा सांडत नाही.

उंदरीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला एवढंच ठाऊक, की खाली कण नाही. कण नाही, तर उंदरीला दूध नाही. दूध नाही, तर पिल्लाला झोप नाही. चूं चूं. चूं चूं.

मग एका दुपारी शेगडी पेटली. फुस्स.

बाबा ओट्याशी उभे राहिले. त्यांच्या लेकीचं नाव बकुळ. बकुळला आईच्या हातचा पास्ता आवडायचा. सायीचा, गोड गोड कांद्याचा. म्हणून बाबांनी पास्ताच करायला घेतला.

बाबांनी पुडा फोडला. एक नळी बाहेर उडाली. टुणुक टुणुक. टुणुक टुणुक. उंदरीने ती पटकन उचलली. ओट्याच्या कडेने निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. पातेल्यापाशी पाय घसरला. नळी सुटली. डुबुक. गेली पातेल्यात.

आधीच दुष्काळ, त्यात तेरावा महिना.

उंदरी म्हणाली,
"पातेल्या पातेल्या, नळी दे. पिल्लू उपाशी निजेना."

पातेलं म्हणालं, गुडगुड गुडगुड,
"नुसता पास्ता कोण खातं? साय येत नाही, तोवर नळी देणार नाही."

तुरुतुरु तुरुतुरु. उंदरी गेली सायीकडे. साय वाटीत बसली होती. थंडगार.

"सायी सायी, पातेल्यात जा. पातेलं नळी देईना, पिल्लू उपाशी निजेना."

साय म्हणाली,
"मी एकटी जाऊ? कांदा गोड होत नाही, तोवर जाणार नाही."

तुरुतुरु तुरुतुरु. उंदरी गेली कांद्याकडे. कांदा कढईत होता. चर्र चर्र, चर्र चर्र. त्याच्या कडा काळ्या पडत होत्या.

"कांद्या कांद्या, गोड हो. साय पातेल्यात जाईना, पातेलं नळी देईना, पिल्लू उपाशी निजेना."

कांदा म्हणाला,
"गोड कसला होतो? मी करपतोय. शेगडी मंद होत नाही, तोवर गोड होणार नाही."

तुरुतुरु तुरुतुरु. उंदरी गेली शेगडीकडे. शेगडी भडकली होती. भर्र भर्र, भर्र भर्र.

"शेगडी शेगडी, मंद हो. कांदा गोड होईना, साय पातेल्यात जाईना, पातेलं नळी देईना, पिल्लू उपाशी निजेना."

शेगडी म्हणाली,
"मला काय सांगतेस? बटण बाबांच्या हातात. बाबा उठत नाहीत, तोवर मंद होणार नाही."

खरंच होतं तिचं. बाबांना येत होती फक्त फोडणी. फोडणीला जाळ मोठा, म्हणून गोड कांद्यालाही जाळ मोठा. कांदा काळा व्हायला लागला आणि बाबांचा धीर सुटला. ते मटकन खाली बसले. सिलिंडरला टेकून. डोळे लाल लाल. म्हणे कांदा झोंबला.

तुरुतुरु तुरुतुरु. उंदरी गेली बाबांकडे.

"बाबा बाबा, उठा ना. शेगडी मंद होईना, कांदा गोड होईना, साय पातेल्यात जाईना, पातेलं नळी देईना, पिल्लू उपाशी निजेना."

बाबा म्हणाले,
"उठून करू काय? कुणासाठी करू? बकुळ जेवत नाही, तोवर उठणार नाही."

तुरुतुरु तुरुतुरु. उंदरी गेली बकुळकडे. बकुळ पलंगाखाली बसली होती. गुडघ्यात डोकं घालून. कालही जेवली नव्हती.

"बकुळ बकुळ, जेव ना. बाबा उठेनात, शेगडी मंद होईना, कांदा गोड होईना, साय पातेल्यात जाईना, पातेलं नळी देईना, पिल्लू उपाशी निजेना."

बकुळ म्हणाली,
"आई घरी येत नाही, तोवर जेवणार नाही."

तुरुतुरु तुरुतुरु. उंदरी निघाली आईकडे.

पण आई कुठे?

मोरीत पाहिलं. मोरीत आई नव्हती. गॅलरीत पाहिलं. दोरीवर आईची साडी नव्हती. दारापाशी पाहिलं. तिथे आईच्या चपला होत्या. चपलांत आईचे पाय नव्हते.

उंदरी चपलांपाशी उभी राहिली.

"आई आई, घरी या. बकुळ जेवेना, बाबा उठेनात, शेगडी मंद होईना, कांदा गोड होईना, साय पातेल्यात जाईना, पातेलं नळी देईना, पिल्लू उपाशी निजेना."

कुणी काही बोललं नाही.

उंदरीने पुन्हा हाक मारली. "आई आई, घरी या."

कुणी काही बोललं नाही.

भिंतीवरची पाल चुकचुकली. चुक चुक. चुक चुक.
"कुणाला हाका मारतेस, बाई? ती देवाघरी गेली. तिथून कुणी येत नाही."

"मग माझ्या पिल्लाने काय करायचं?" उंदरीने विचारलं.

पाल गेली घड्याळामागे.

आता उंदरी तुरुतुरु गेली नाही. हळू हळू गेली. पोट खपाटीला, शेपटी जमिनीवर. पलंगाखालून जात होती, तेव्हा बकुळने विचारलं,

"आई भेटली?"

"नाही भेटली."

"नीट पाहिलंस?"

"सगळीकडे पाहिलं. चपला आहेत. आई नाही."

इतके दिवस बकुळ रडली नव्हती. आता रडली. हमसून हमसून रडली. उंदरी तिथेच बसून राहिली. रडणाऱ्याला एकटं सोडून जाऊ नये, हे उंदरांनाही कळतं.

मग बकुळने नाक पुसलं. फ्रॉकलाच पुसलं.

"आता तू कुठे चाललीस?"

"बिळात. पिल्लाजवळ."

"रिकामीच?"

"रिकामीच. काय करू? पिल्लाला आई तरी दिसेल."

बकुळ उंदरीकडे बघत राहिली. तिची हाडं दिसत होती. बारीक बारीक, काडीएवढी.

"रिकामी जाऊ नकोस. थांब," बकुळ म्हणाली.

ती पलंगाखालून बाहेर आली. स्वयंपाकघरात गेली. बाबांसमोर उभी राहिली.

"बाबा, आई येणार नाही ना?"

बाबांनी तिला जवळ घेतलं. "नाही गं, बाळा. येणार नाही."

"मग मी जेवते. तुम्ही करा."

बकुळ जेवते म्हणाली, तसे बाबा उठले.
बाबा उठले, तशी शेगडी मंद झाली.
शेगडी मंद झाली, तसा कांदा...

छे छे. कांदा एवढ्यात कुठला गोड व्हायला? बाबांनी काळे काळे तुकडे वेचून टाकले. उरलेला कांदा परतत राहिले. सुई सुई, सुई सुई.

"झाला?" बकुळने विचारलं.

"नाही."

पांढरा कांदा गुलाबी झाला.

"झाला?"

"नाही. आता मी घाई करणार नाही."

गुलाबी कांदा तांबूस झाला. तांबूस कांदा गुळासारखा झाला. घरभर वास सुटला.

कांदा गोड झाला, तशी साय पातेल्यात गेली. बद्द.
साय पातेल्यात गेली, तशी पातेल्याने नळी दिली. सुळकन.

नळी मऊ मऊ. तिला साय लागलेली, वर कांद्याची एक काडी. बकुळने ती फुंकून फुंकून गार केली. बिळाच्या तोंडाशी ठेवली. उंदरीने नळी ओढत ओढत आत नेली.

बाबा आणि बकुळ जेवायला बसले.

"आईसारखा झालाय?" बाबांनी विचारलं.

"नाही," बकुळ म्हणाली. "मीठ विसरलात."

बाबांनी मीठ घातलं. बकुळने चव घेतली.

"आता?"

"तरी नाही."

पण ती खात राहिली. बाबाही खात राहिले. आज एक कण खाली सांडला. मग दुसरा सांडला. कुणी पुसला नाही.

बिळात उंदरीने नळी खाल्ली. सगळी खाल्ली. मग आडवी झाली. पिल्लू अंधारात चाचपडत आलं आणि आईच्या पोटाशी बिलगलं. चुटूचुटू, चुटूचुटू प्यायलं.

पिल्लू निजलं. गोष्ट सरली. आता तुम्हीही निजा, कुशीत या.